मालवणला थांबणारी बोट

मळा, फलटण
कार्तिक वद्य तृतीया

चि. बनूस आईचा पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. तान्हीच्या दोन्ही गालांवरनं माझ्या नावानं हात फिरव.

हिकडं समदं बरं चाललंय. ऊस तोडणीला आलाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पत्र राहीबाईच्याच पत्त्यावर घालत जा. तिचा नवरा पलटणीत, तिला पत्रं येत्यात हे साऱ्या गावाला ठावं हाय. तुझं मागलं पत्र तिनं शेणाच्या पाटीत झाकून आणून दिलं. वास आला, तरी मी ते पदरात बांधून दिसभर हिंडले.

तू शाळेत असताना मला अक्षरं शिकवत हुतीस, तवा तुझे आबा हसायचे. "म्हातारपणी मामलेदार व्हणार हाईस व्हय गं?" म्हणायचे. आता त्याच अक्षरांनी त्यांना चोरून लिवते. हात बोलल्यावानीच लिवतो, तू शिकवलेलं शुद्ध कुठं टिकलं न्हाई, तेवढं गोड मानून घे.

आता कामाचं सांगते. परवा आबा लोणंदला कोंडीबाकडं गेलं हुतं. कोंडीबा म्हंजी त्यांचा पलटणीतला जोडीदार, पयल्या लढाईत बसऱ्याला संगं हुता तो. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्सं झाली म्हणून पोरानं आईबापाला आगगाडीनं नाशिक दावलं. ते ऐकून आबा घरी आले, फेटा खुंटीला लावला आणि मला म्हणले, "साळू, येत्या माघात आपलीबी पंचवीस भरत्यात. तुला काय पायजे बोल."

बनू, इतक्या वर्सांत त्यांनी मला काय पायजे म्हणून कधी इचारलं नव्हतं. दिलं समदं, पर इचारलं नव्हतं. मी चुलीपुढं हुते. तोंडातनं एकदम गेलं, "मला बोटीत बसायचंय."

ते हसले. मी म्हणलं, "तुमी लग्न झाल्यापासनं मला बसऱ्याची बोट ऐकवताय. पाण्याचा रंग कसा, माणसं कशी वकत हुती, रातीला चांदण्या कशा हलत हुत्या. आता दावा की एकदा."

लय खूश झाले गं. दुसऱ्या दिशी कोंडीबाला निरोप गेला. तो मुंबईहनं बोटींचे छापील कागद घेऊन आला, आणि आता रोज सांजच्याला दोघं ओट्यावर बसून बोट निवडत्यात. ह्या लढाईत सरकारनं नेलेल्या बोटी परत आल्यात म्हणं. एक मोठी बोट हाय, तिच्यावर इजेचे पंखे, बसायला गाद्या, मुंबईहनं निघाली की दोनच ठिकाणी थांबून नीट गोव्याला. दुसरी बारकी, जुनी, दर बंदराला थांबत थांबत जाती. दोघांचं मन मोठीवर बसलंय.

मला मात्र ती मालवणला थांबणारी पायजे.

तुला आता कळलं असंल मी बोट का मागितली. सांगलीत चळवळीतल्या पोरांनी हार घालून तुमचं लगीन लावलं, ना भटजी ना वाजंत्री, नवरा दर्याकाठचा, परजातीचा. तवा आबांनी देवापुढं शब्द काढला, तिचा उंबरा मी चढणार न्हाई आणि माझा तिनं चढायचा न्हाई. तो शब्द ते मोडायचे न्हाईत, हे तुला बी ठावं हाय. पर बोटीला उंबरा न्हाई. बोट मालवणला उभी राहील, तू होडीतनं बोटीजवळ ये, तान्हीला घेऊन ये. मी कठड्याशी उभी आसन. कुणाचा शब्द मोडत न्हाई आणि मला तुमी दिसता.

म्हणून जावईबापूंना इचार, ते कोणत्या बोटीवर तिकीटं तपासत्यात, कोणत्या वारी ती मुंबईहनं सुटती, मालवणला उजेडी पोचती का. आणि आणखी एक. बोटीत चढायला फळी असती का दोराची शिडी? दोराची असंल तर किती उंच? माझं गुडघं दुखत्यात हल्ली, म्हणून इचारते.

उत्तर लवकर धाड.

तुझी वाट बघणारी,
आई


मळा, फलटण
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. बनूस आशीर्वाद. तान्हीला तिळाच्या वड्या धाडल्या असत्या, पर पोस्टात चुरा हुतील. माझ्या हातानंच आणीन.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंची बोट सकाळी मुंबईहनं सुटती आणि दुसऱ्या दिशी दिस वर आला की मालवणला लागती, हे वाचून जीव भांड्यात पडला. लाकडी शिडी हाय हे बी बरं झालं.

बोट ठरली गं. सोपं गेलं न्हाई. कोंडीबा हट्टालाच पेटला हुता. "वैनी, बारक्या बोटीत कोंबड्या, बोचकी, सुक्या मासळीचा वास. लग्नाची पंचवीस वर्सं काय मासळीत काढणार?" मी म्हणलं, "मला मधली गावं बघायचीत." आबा म्हणले, "गावं कसली, दगडं आणि माड. समदी सारखीच." त्या रोजी मी जेवले बी न्हाई, खरं तर भूकच नव्हती, पर त्यांना वाटलं मी रुसले. सकाळी उठून त्यांनी कोंडीबाला सांगितलं, "लगीन एकट्याचं नव्हतं. तिला पायजे ती बोट." कोंडीबा कागदाची घडी घालून गेला.

बनू, त्यांनी तसं म्हणल्यावर मला लय वाईट वाटलं. एवढ्या साध्या मनानं त्यांनी दिलं, आणि मी त्यांना फसवतेय. रागीट माणसाला फसवायला जड जात न्हाई. पर ते हल्ली रागीट उरलेत कुठं? तुझं नाव घेत न्हाईत हे खरं. पर तू लावलेल्या आंब्याला पाणी घालायचं दुसऱ्या कुणाला सांगत न्हाईत. रोज सोता घागर नेत्यात.

मधी सांगलीला तुझ्या मनुमावशीकडं जाऊन आले. तिची तब्येत बरी नव्हती, तिला मिरजेच्या दवाखान्यात दावायचं हुतं. तिथली डॉक्टरीणबाई मायाळू हाय. पोट दाबून बघितलं तवा माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पर तिनं हात धरून ठेवला. मनुबाईचं पोट. मनुबाई म्हणली की अंधारी आली. लिवताना चुकतंय माझं, दुसरा कागद न्हाई, तसंच वाच.

तू लिवलंस, "आई, एवढी घाई कशाला, पुढल्या साली तान्ही चालाय लागली की ये." पुढल्या साली नगो, बनू. पाऊस लागला की बोटी बंद हुत्यात, मग दिवाळीपतूर काय न्हाई. माघातच यायचं ठरलंय.

त्या दिशी काय बोलू नगो. रडू बी नगो, त्यांच्यापुढं कुणी रडलं की ते आणखी टणक हुत्यात. जावईबापूंना सांग, आपली वळख दावू नका. लुगडं हिरवं नेसणार हाय, लांबनं कळंल तुला. तान्हीला उंच धर.

तुझी,
आई


मालवण
माघ वद्य द्वादशी

तुमच्या पायांवर साळूचा नमस्कार.

तुमी घरी पोचला असाल. गाय दूध काढू देती का? राहीबाईला सांगा, ती येईल दोन्ही वेळंला. भाकरी बी ती टाकून दील. कांद्याची चटणी फडताळात मागल्या अंगाला हाय.

माझ्या अक्षरात पत्र बघून तुमाला राग येईल. पर दुसऱ्याकडनं लिवून घ्यावं असं ह्यात काय न्हाई.

पयलं हे, की मी तुमाला फसवलं. ती बोट मी मधली गावं बघायला मागितली नव्हती. संध्याकाळी वरच्या मजल्यावर वारा लागतो तिथं ज्यानं आपली पथारी टाकली, मला मळमळाय लागलं तवा लिंबू आणून दिलं, तो कुबल तिकीट-मास्तर कोण हे मला मुंबईच्या धक्क्यापासनं ठावं हुतं. तुमी त्याच्याशी किती बोलला. बसऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. त्यो खाली गेल्यावर तुमी मला म्हणला, "माणूस कामाचा हाय. अदबीनं बोलतो, पर वाकत न्हाई." मी तोंडावर पदर घेतला. तुमाला वाटलं मला वकारी येतीय.

त्या रातीसारखी रात मला पंचवीस वर्सांत मिळाली नव्हती. तुमी सांगितलं हुतं तशाच चांदण्या हलत हुत्या. तुमी माझ्या अंगावर घोंगडं घातलं आणि म्हणला, "भ्या वाटतंय का?" मी न्हाई म्हणलं. खरं सांगते, ती रात मी फसवून मिळवली न्हाई. तेवढी खरी हुती.

सकाळचं तुमाला ठावंच हाय. पर तुमी पाठ करून उभं हुता, तवा तुमच्या पाठीमागं काय झालं ते सांगते. होड्या आल्या, माणसं उतराय लागली. बनूनं खालनं "आई" म्हणून हाक मारली. तुमी वाकून बघितलं आणि कुबलाला इचारलं, "ही तुझी कोण?" त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "माझी बायको." तेवढंच. वाद न्हाई, इनवणी न्हाई. मग तुमी पलीकडच्या कठड्याला जाऊन उभं राहिला.

बनूनं पोर उंच धरली. मला ती नीट दिसंना, पाण्यावर ऊन हुतं. नुसते दोन पाय हलताना दिसले, पायात वाळे हुते. मी तुमच्याजवळ आले आणि बाही धरून म्हणलं, "आवं, मी एकदा खाली जाऊन येते." तुमी वळला न्हाईत. म्हणला, "खाली गेलीस तर वर येऊ नगो."

तुमी ते मनापासनं म्हणला का रागानं, हे मी तवापासनं इचार करतेय. पर मला तवा इचार कराय येळ नव्हता. जावईबापूंनी मला शिडीवरनं उतरवलं, धाकट्या पोराला उतरवावं तसं. होडी हलत हुती. बनूनं पोर माझ्या मांडीवर दिली आणि ती पोर माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळाय लागली. भोंगा वाजला. वर चढायचं तर तवाच चढायचं हुतं. मी बसून राहिले.

आता दुसरं सांगते, आणि हे बोटीवर सांगणार हुते, पर ती रात मला मोडायची नव्हती. सांगलीला मनुबाई आजारी नव्हती. मी हुते. पोटात गाठ हाय. मिरजेच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, लय आत गेलीय, कापून उपेग न्हाई. मी तिला इचारलं, "दिवाळी बघीन का?" ती माझ्या हातावर हात ठेवून खिडकीतनं भाईर बघत राहिली. मला कळलं.

तुमाला सांगितलं असतं तर तुमी ऊस सोडून, गाय सोडून मला दवाखान्यादवाखान्यानं फिरवलं असतं. बनूकडं तेवढं न्हेलं नसतं.

मी रागानं उतरले न्हाई. तुमाला सोडून बी आले न्हाई. लोकांनी इचारलं तर सांगा, समुद्राची हवा सोसंना, तिथंच आजारी पडली. खोटं न्हाई ते. हितं समदी माझं करत्यात. जावईबापूंची आई बोलती ते निम्मं कळत न्हाई, पर पेज करून भरवती.

या असं म्हणत न्हाई. तुमचा शब्द माझ्यामुळं मोडावा असं मला न्हाई वाटत. पर आजार तुमाला परक्याच्या तोंडनं कळू नये, म्हणून लिवलं.

थंडी हाय अजून. कानाला गुंडाळून शेतावर जावा.

तुमचीच,
साळू


मळा, फलटण
चैत्र शुद्ध दशमी

चि. बनूस,

पोचल्याचं लिवतो. कोल्हापुरात एक रात मुक्काम झाला, लोणंदला कोंडीबा आला हुता. परकृती ठीक. ऊस गेला. आंब्याला कैऱ्या धरल्यात.

मला पत्र लिवता येत न्हाई. पलटणीत असताना दुसऱ्यांची लिवली, ती समदी एकाच साच्याची. ह्यो कागद तीनदा फाडला.

साळूचं पत्र राहीबाईनं आणून दिलं, त्याच दिशी निघालो. तिची बोटीवरची गाठोडी घरी आणली हुती, ती संगं घेतली. तुझ्या दारात आलो तवा तू म्हणलीस, "आबा, आत या." मी म्हणलं, "हितं बरं हाय." तू पुना म्हणली न्हाईस. जाळी-वल्ही ठेवायच्या मांगरात मला चटई टाकून दिलीस. ताट रोज तिथं आणलंस. मी तितके दिस तिथं राहिलो, आणि तुझ्या तोंडाकडं एकदा बी धड बघितलं न्हाई. आता बघावंसं वाटतंय.

जावईबापूंनी रजा काढली हुती. रोज सांजच्याला ते साळूला उचलून अंगणात आणत हुते, आणि तुमी समदी आत जात हुता. आमी काय बोलत हुतो हे तुला ठावं न्हाई. लय काय न्हाई. समोर बोट नांगरून आसंल तर ती इचारायची, "ही आपली का?" मी सांगायचो, न्हाई, ही दुसरी. एकदा म्हणली, "कोंडीबाची मोठी बोट बरी हुती, न्हाई का? पंखे हुते." आणि हसली. हसल्यावर कळ आली तिला.

एक दिस मी इचारलं, "तू वर का आली न्हाईस? मी बोललो ते काय खरं हुतं?" ती मग म्हणली, "तुमचं बोलणं न्हाई लागलं मला. पाठ दिसत हुती तुमची. तुमी वळून तेच म्हणला असता, तर मी उतरले नसते."

बनू, मला वाटलं हुतं भोंगा वाजला की ती यील. कुठं जाणार? पंचवीस वर्सांत माझ्या शब्दाभाईर गेली न्हाई. भोंगा वाजला, मी मोजून थांबलो, वळलो, तर शिडी वर घेतलेली. होडी लांब गेलेली. हिरवं लुगडं तेवढं दिसत हुतं. मी खलाशाला म्हणलं, "बोट थांबीव." तो हसला. एका म्हाताऱ्यासाठी बोट थांबत न्हाई.

साळू गेली त्या सकाळी तुझं रडणं ऐकलं आणि मी अंगणात आलो. दाराशी उभा राहिलो. पाय उचलंना. आत ती गेलेली, मला ठावं, तरी पाय उचलंना. जावईबापू भाईर आले. मला वाटलं आता बोलतील, बोलावं बी, त्यांचा हक्क हुता. ते दाराच्या एका अंगाला झाले, माणसाला जाय वाट द्यावी तसे. मी आत गेलो.

आत काय हुतं? सारवलेली भुई. चूल. कोपऱ्यात तुझी पोर झोपलेली. आणि साळूची चटई. ती जिती असताना मी तिच्या उशाशी एकदा बी बसलो न्हाई. ती रोज मरणाच्या कळा सोसून भाईर येत हुती, मला दिसावी म्हणून. मी चार पावलं आत गेलो न्हाई. तू मला ह्याबद्दल एक शब्द बोलली न्हाईस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

हितं भाऊकी दुखवट्याला बसायला आली. दगडाबाईनं सगळ्यांपुढं इचारलं, "भावजी, वैनी कुठं गेली वो? कुणी म्हणतं दवाखान्यात, कुणी म्हणतं बोटीवर." साळूनं काय सांगायचं ते लिवून ठेवलं हुतं. मी ते सांगितलं न्हाई. म्हणलं, "लेकीच्या घरी गेली. लेकीनं आणि जावयानं शेवटपतूर केलं." दोघं उठून गेले. जाऊ देत.

पावसाच्या आदी पोरीला घेऊन ये. जावईबापूंना रजा मिळंल तशी. घाटानं या न्हाईतर बोटीनं या, तुमाला सोसंल तसं. याय जमलं न्हाई तर तसं लिव, मीच येतो. मांगरात झोपणार न्हाई.

आणखी एक ऱ्हायलं. त्या दिशी तू खालनं आधी आईला हाक मारलीस, आणि होडी निघाली तवा "आबा" म्हणून मला हाक मारलीस. दोनदा. साळूनं मला अंगणात इचारलं, "बनूची हाक ऐकली का वो तुमी?" मी म्हणलं, भोंग्यात ऐकू आली न्हाई. ती गेली तवा तिला तेच खरं वाटत हुतं.

मी ऐकली हुती, बनू. दोनी.

ओ देतोय.

तुझा,
आबा